बॉल रेषेवर होता

बॉल बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, पडला होता आणि मी ‘आउट’ म्हणाले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. टेनिस क्लबची अंतर्गत स्पर्धा, महिला एकेरीची सेमीफायनल, शनिवारची संध्याकाळ. दोघींनी एकेक सेट घेतलेला, त्यामुळे तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक, म्हणजे दोनच्या फरकाने आधी दहा गाठेल ती जिंकणार. मी ९-८ अशी पुढे होते. जाळीपलीकडे ज्या होत्या त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. पायांत आता पूर्वीची धाव राहिलेली नाही, पण हात इतका तयार की बॉल जिथे ठेवायचा तिथेच ठेवतात. त्यांनी फोरहँड मारला, खोल, माझ्या बॅकहँडच्या कोपऱ्यात. आपण पोचत नाही हे मला पहिल्या पावलालाच कळलं. नुसती मान वळवून बघत राहिले. बॉल पांढऱ्या पट्टीच्या मागच्या कडेला चाटून गेला आणि माझं बोट वर गेलं.

“नक्की?” मॅडमनी विचारलं.

“नक्की.”

त्या जाळीपाशी आल्या, हात मिळवला, “छान खेळलीस” म्हणाल्या. मी फायनलला गेले.

जे टेनिस खेळत नाहीत त्यांना इथे थोडं सांगायला हवं. टीव्हीवर दिसतं त्या टेनिसमध्ये उंच खुर्चीवर अंपायर बसलेला असतो. आमच्यासारख्यांच्या सामन्यात कुणीच नसतं. आपल्या बाजूला पडलेल्या प्रत्येक बॉलचा निर्णय आपण द्यायचा आणि समोरच्याने तो मानायचा. बॉल रेषेला नुसता शिवला तरी आत. आणि शंका असेल तर निर्णय प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने. ‘बहुतेक आउट’ असा निर्णय या खेळात नाहीच. नीट दिसला नाही, म्हणजे आत. सरांनी मला हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवला होता, सर्व्हिस शिकवायच्या कितीतरी आधी. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, रॅकेट कशी धरायची तेही कळत नव्हतं, आणि हे सगळं आधी कशाला सांगतायत असं मला वाटलं होतं.

नंतर मात्र या नियमाने मला फार विचार करायला लावलं. ज्याचा फायदा होणार त्याच्याच हातात न्याय द्यायचा. पक्षकार तोच आणि न्यायाधीशही तोच. आणि सगळा खेळ उभा कशावर, तर समोरचा खरं बोलतो एवढ्या एका गोष्टीवर. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात शपथा वाहू नका म्हणून सांगितलं आणि पुढे म्हटलं, तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. मी संडे स्कूलमध्ये हे वचन किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल याची गणती नाही. कोर्टवर मात्र ते मला त्या शनिवारपर्यंत कधी आठवलं नव्हतं.

मी खोटं बोलले का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याचं उत्तर मला नेमकं द्यायचंय. बॉल आत आहे हे समजून-उमजून मी आउट म्हणाले, असं झालं नाही. तसं झालं असतं तर कबुली देणं सोपं गेलं असतं. बेसलाइनची पट्टी चार इंचांपर्यंत रुंद असते, बॉल साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, तो जमिनीला टेकतो तो क्षण डोळ्याची पापणी लवायच्या आतला. एवढ्या वेळात डोळ्यांना जे दिसतं ते तुटक असतं, उरलेलं मन भरतं. माझं मन नऊ-आठवर उभं होतं. त्याला दहा हवे होते. पण पट्टीच्या मागच्या कडेशी बॉल जरासा घसरल्यासारखा झाला तेही मी पाहिलं होतं, आणि ते पाहिलेलं मी बाजूला सारलं. अर्ध्या सेकंदात. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी भुलवलं नाही. हृदय सर्वात कपटी आहे, असं बायबलमधला संदेष्टा यिर्मया म्हणतो. ते वाक्य मी नेहमी मोठमोठ्या पापांसाठी राखून ठेवलं होतं.

आमच्या कोर्टवर खूणही राहत नाही. मातीचं कोर्ट असतं तर बॉलचा ठसा उठला असता, दोघींनी वाकून बघितला असता, मिटलं असतं. हार्ड कोर्ट काही लक्षात ठेवत नाही. बॉल पडला ते मी पाहिलं आणि देवाने पाहिलं. स्तोत्र १३९ मध्ये दावीद राजा म्हणतो, माझं बसणं आणि उठणं तू जाणतोस. मी ते नेहमी दिलासा म्हणून वाचत आले. त्या रात्री पहिल्यांदा ते वाचून भीती वाटली.

रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले. “प्रभू, आजच्या विजयाबद्दल तुझे...” वाक्य पुढे जाईना. मी दुसऱ्या विषयाकडे वळले, आजारी असलेल्यांसाठी प्रार्थना केली, मुलांसाठी केली, पुन्हा आभारांकडे आले आणि पुन्हा तिथेच अडले. शेवटी तशीच झोपले.

आणि झोपताना मी मनाला काय समजावत होते? सर जे सांगतात तेच. झाला तो पॉइंट झाला, आता पुढच्या पॉइंटकडे बघ.

इथे जरा थांबते, कारण टेनिसचा हा धडा खरा आहे आणि मी तोच चुकीच्या जागी वापरत होते. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचे आकडे सांगितले होते: कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने, त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले ते फक्त ५४ टक्के. म्हणजे इतका मोठा खेळाडूही जवळपास दर दुसरा पॉइंट हरत होता. हरलेला पॉइंट मनात धरून बसलं तर पुढचा खेळताच येत नाही. प्रेषित पौलही फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहितो की मागचं विसरून मी पुढच्याकडे धाव घेतो. हे वचन मी माझ्या रॅकेटच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. नीतिसूत्रांत आहे तसं, नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो.

पण चुकलेला फटका विसरणं वेगळं आणि चुकीचा दिलेला निर्णय विसरणं वेगळं. फटका जाळीत गेला तर त्यात कुणाचं काही हिरावलेलं नसतं. तो सोडून द्यावा, लगेच सोडून द्यावा. चुकीच्या निर्णयाने दुसऱ्याचं काहीतरी आपल्याकडे आलेलं असतं, आणि ते खिशात ठेवून ‘पुढे बघू’ म्हणता येत नाही. पौल जेव्हा मागचं विसरतो म्हणतो तेव्हा तो त्याच्या मानमरातबाबद्दल बोलतोय, ज्या गोष्टींचा त्याला अभिमान होता त्यांबद्दल. मी ते वचन माझं देणं बुडवायला वापरत होते. बायबल वाचणाऱ्या माणसाच्या हाती पळवाटाही बायबलच्याच लागतात, हे मला त्या रात्री कळलं आणि त्याची मला अजून धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी उपासनेत अर्पणाची थैली आमच्या ओळीत आली. पाकीट माझ्या हातात तयार होतं. तू वेदीजवळ दान अर्पण करायला आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हेही मत्तयाच्या पाचव्याच अध्यायात, होय-नाहीच्या थोडंसं आधी. मी पाकीट पर्समध्ये परत ठेवलं आणि थैली तशीच पुढे सरकवली. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

संध्याकाळी कोर्टवर गेले. मॅडम सरावाच्या भिंतीवर एकट्याच बॉल मारत होत्या. मी बाकावर बसून राहिले. त्यांचे पंधरा-वीस फटके झाले असतील. मग त्या पाणी प्यायला आल्या आणि मी एका दमात सांगून टाकलं. कालचा शेवटचा बॉल रेषेवर होता, मी पाहिला होता, तरी आउट दिला.

मॅडम पटकन काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला तिथून दिसलाच नव्हता गं. उजेड डोळ्यांवर येत होता. ‘नक्की’ विचारलं ते आपलं सवयीने. तू नक्की म्हणालीस, मग माझ्यासाठी तो आउटच होता.”

याची मी तयारी केली नव्हती. मला वाटलं होतं त्यांना संशय आला असेल, त्या रागावल्या असतील, आणि मी जाऊन तो राग शांत करीन. त्यांना रागच नव्हता. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि रात्री शांत झोपल्या होत्या. पॉइंट परत देता येतो. तो विश्वास मी वापरला होता, तो कसा परत करायचा हे मला समजेना. माझे डोळे भरून आले. मॅडमनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतः बॉल गोळा करायला गेल्या.

स्पर्धेची व्यवस्था बघणाऱ्यांना मी सांगितलं, नाव मागे घेतलं. फायनल मॅडम खेळल्या आणि सरळ दोन सेटमध्ये हरल्या. एक जण मला म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण इतकं करतं. पण पुढचे कित्येक महिने दोघी-तिघी माझ्याशी खेळताना माझ्या प्रत्येक निर्णयाला थबकायच्या, त्या जागेकडे निरखून बघायच्या. ते मला लागायचं. रास्तही होतं. दावीद राजाने पाप कबूल केल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला देवाची क्षमा सांगितली, आणि त्याच दमात पुढे काय भोगावं लागेल तेही सांगितलं. क्षमा झाली की सगळं आपोआप पूर्ववत होतं असं मी मुलांना शिकवत असे. आता तसं शिकवत नाही.

त्या काळात मी दोन जुन्या सामन्यांबद्दल पुन्हा पुन्हा वाचत होते. १९८२ ची फ्रेंच ओपन. सतरा वर्षांचा मॅट्स विलँडर सेमीफायनलमध्ये होझे लुईस क्लेर्कविरुद्ध मॅच पॉइंटवर होता, म्हणजे आणखी एक पॉइंट मिळाला की सामना त्याचा. क्लेर्कचा फटका आउट दिला गेला, सामना संपल्याचं जाहीर झालं. विलँडर अंपायरकडे गेला आणि म्हणाला की असं जिंकायचं नाही मला. पॉइंट पुन्हा खेळला गेला, तोही त्याने जिंकला, आणि पुढे स्पर्धाही. ही गोष्ट ऐकायला गोड आहे. खरं बोला, देव दुप्पट देईल, असं तिच्यावरून सहज सांगता येतं.

दुसरी २००५ ची, रोममधली. अँडी रॉडिक पहिला सेट जिंकून दुसऱ्यात ५-३ ने पुढे होता आणि मॅच पॉइंट होता. समोर फर्नांडो वर्दास्को. वर्दास्कोची दुसरी सर्व्हिस आउट दिली गेली. डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, सामना रॉडिकचा. मातीचं कोर्ट होतं. रॉडिकने ठसा पाहिला आणि अंपायरला सांगितलं की सर्व्हिस आत आहे. तो पॉइंट वर्दास्कोला मिळाला. आणि रॉडिक तो सामना हरला. विलँडरपेक्षा ही गोष्ट मला जवळची वाटते, कारण त्याच्या खरेपणाची किंमत त्याने पूर्ण मोजली आणि हातात काही आलं नाही. दोघांपैकी कुणी हे श्रद्धेपोटी केलं की नाही यावर मी काही बोलणार नाही. ठसा बघून आपल्याच विरुद्ध निर्णय द्यायला तोंड उघडलं, हे मला पुरे आहे.

आता मोठ्या स्पर्धांत असा प्रसंग यायचं कारणच उरत चाललंय. विम्बल्डननेही २०२५ पासून रेषेवरचे पंच काढले, निर्णय यंत्र देतं. यंत्राला नऊ-आठवर उभं राहायचं नसतं, म्हणून ते अचूक, आणि ते बरंच आहे. पण खेळाडूला खरं बोलायची वेळच येत नाही. आमच्या पंच नसलेल्या कोर्टवर ती एका तासात चाळीस वेळा येते. थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू, असं प्रभूने म्हटलंय. ते थोडकं म्हणजे काय, हे मला दुसरीकडे कुठे इतकं मोजून मापून दिसलेलं नाही.

टेनिसवरून आत्मिक बोध देताना बहुतेक जण दुसऱ्या सर्व्हिसवर बोलतात. पहिली चुकली तरी देव दुसरी संधी देतो, वगैरे. ते खरंच आहे, पण अर्धवट वाटतं मला. नवशिके पहिली सर्व्हिस जोरात मारतात आणि दुसरी भीतीने नुसती ढकलतात. बॉल हळू जाऊन पडतो आणि समोरचा त्याचं पुढे काय करतो ते सांगायला नको. सर ओरडायचे, दुसऱ्या सर्व्हिसलाही हात पूर्ण फिरव, स्पिन दे, घाबरून आखडू नकोस. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तो तिसरा दास आठवतो, धन्याने दिलेले रुपये भिऊन जमिनीत पुरून ठेवणारा. दुसरी संधी मिळाली की ती जपून ठेवावीशी वाटते. ती जपायची नसते, खेळायची असते.

हे मला ठाऊक होतं, तरी त्या प्रसंगानंतर मी नेमकी आखडले. पुढच्या कितीतरी महिन्यांत मी एकही बॉल आउट दिला नाही. रेषेवरचा आत, बोटभर बाहेरचा आत, वीतभर बाहेरचाही आत. समोरच्या बायका गोंधळून बघायच्या. मला वाटत होतं मी प्रायश्चित्त करतेय, नम्र झालेय. एकदा मॅडमशी खेळताना त्यांचा बॉल बेसलाइनच्या चांगला बाहेर पडला आणि मी “आत, छान शॉट” म्हणाले. मॅडम खेळ थांबवून जाळीपाशी आल्या.

“तो आउट होता.”

“मला नीट दिसला नाही.”

“दिसला. मला इथून दिसला, तुला तिथून दिसला नाही?” त्या म्हणाल्या. “बघ, तेव्हा तू आतला बाहेर सांगितलास. आता बाहेरचा आत सांगतेस. मला दोन्ही नको. मला तुझ्यासोबत टेनिस खेळायचंय.”

मॅडम चर्चमध्ये जात नाहीत. मत्तयाचा पाचवा अध्याय त्यांनी वाचला असेल असं वाटत नाही. पण ‘होय तर होय’ एवढंच धरून मी त्याच्या पुढचं ‘नाही तर नाही’ सोडून दिलं होतं, हे त्यांनी मला दाखवलं. माझं औदार्यही माझ्याच भोवती फिरत होतं. बॉल कुठे पडला याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी तेव्हाही स्वतःकडेच बघत होते, आधी जिंकणारी म्हणून आणि मग पश्चात्ताप करणारी म्हणून.

त्यानंतर सरांकडे जाऊन मी पुन्हा पहिल्यापासून बघायला शिकले. हे सांगायला विचित्र वाटतं, पण बघणं शिकावं लागतं. समोरचा बॉल मारणार त्याच क्षणी दोन्ही पाय जमिनीवरून जरासे उचलायचे, छोटी उडी, म्हणजे कुठल्याही बाजूला जाता येतं. ती उडी चुकली की शरीर उशिरा हलतं, डोळे उशिरा पोचतात, आणि मग जे दिसलं नाही ते मन भरायला मोकळं. मोहात पडू नये म्हणून जागृत राहा आणि प्रार्थना करा, असं प्रभूने गेथशेमाने बागेत झोपाळलेल्या शिष्यांना सांगितलं. मोह आल्यावर काय करायचं हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय. मोह यायच्या आधीच्या त्या छोट्या उडीबद्दल फार कमी शिकवलंय.

गेल्या आठवड्यात मॅडमशी खेळत होते. दुसरा सेट, ड्यूस, म्हणजे गेममध्ये बरोबरी. त्यांनी तोच फटका मारला, फोरहँड, खोल, माझ्या बॅकहँडच्या कोपऱ्यात. या वेळी मी वेळेवर वळले होते. बॉल पडला तेव्हा पट्टी आणि बॉल यांच्यामध्ये कोर्टचा हिरवा रंग दिसला, दोन बोटं तरी.

“आउट,” मी म्हणाले.

मॅडमनी मान डोलावली, काठीसारखी रॅकेट टेकवत पाठ सरळ केली आणि पुढचा पॉइंट घ्यायला चालू लागल्या.